सुपरहिरोचं पुस्तक कुठल्या कप्प्यात ठेवायचं? टिकल्यांची पद्धत

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे, त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. चार कप्पे, प्रत्येकावर स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी. सगळ्यात वर देवधर्म, मग कथा-कादंबरी, मग विज्ञान आणि विज्ञानकथा, आणि खाली पोरांच्या हाताला येईल असं अद्भुत, म्हणजे पऱ्या, राक्षस, विक्रम-वेताळ, चांदोबाचे बांधून ठेवलेले जुने अंक. रविवारी सकाळी दहा ते बारा मी रजिस्टर घेऊन बसते. दिवाळीआधी एका घरी आवराआवर निघाली आणि त्यांनी दोन पिशव्या भरून सुपरहिरोंची पुस्तकं आणून दिली, थोडी इंग्रजी, बरीचशी हिंदी, काही मराठी, निम्म्यांची कव्हरं गायब, आणि तिथून डोक्याला ताप सुरू झाला.

दुसऱ्या मजल्यावरची एक नऊ वर्षांची पोरगी मला मदत करते. तिने थॉरचं पुस्तक उचललं, दोन पानं चाळली, स्टुलावर चढली आणि सरळ वरच्या कप्प्यात गुरुचरित्राच्या शेजारी ठेवून दिलं. मी म्हटलं अगं हे काय. तर म्हणे, "मावशी, देव आहे ना तो?"

आता तिचं चुकलं कुठे ते मला सांगा. देवच आहे तो, उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणकथांमधला.

सुपरहिरोची गोष्ट ही विज्ञानकथा की अद्भुतकथा यावर लोक चहा गार होईपर्यंत भांडतात, मी पण भांडलेय. पण कपाटासमोर भांडून चालत नाही, पुस्तक हातात असतं आणि ते कुठेतरी ठेवावंच लागतं. तर दोन महिने चुका करून जी पद्धत बसली ती लिहितेय. तुमचं शेल्फ घरचं असो, शाळेचं असो की नुसतं डोक्यातलं असो, चालेल. सामान फार नाही. लाल टिकल्यांचं एक पाकीट, निळ्यांचं एक, गोल आणि जरा मोठ्या बघून घ्या (मंगळबाजारात ढिगाने मिळतात), आणि एक सेलोटेप. लाल म्हणजे अद्भुत, निळी म्हणजे विज्ञान. सेलोटेप कशाला ते शेवटी.

पहिलं काम, झगा विसरा. केप, मास्क, पँटवरून चड्डी, हा सगळा युनिफॉर्म झाला, आणि पोलिसाचा ड्रेस बघून गोष्ट विनोदी आहे की रडकी ते कळतं का? तसंच हे. कव्हर बाजूला ठेवून एकच बघायचं, की या माणसाकडे खरंच काही जगावेगळी शक्ती आहे का. बऱ्याच जणांकडे नसते हो! बॅटमॅन बघा, मे 1939 मध्ये पहिल्यांदा आला, अंगात शक्ती शून्य, नुसता पैसा, तालीम आणि डोकं, आणि ज्या मासिकात आला त्याचं नावच डिटेक्टिव्ह कॉमिक्स, यापेक्षा जास्त काय सांगायचं. राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव, सर्कशीत वाढलेला, त्याचं पण तेच. आणि आपला इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, 1964 पासून आपल्याकडे घरोघरी वाचला, नाव भुताचं, जंगलातल्या लोकांना वाटतं हा चारशे वर्षं मरतच नाही, पण वाचणाऱ्याला माहीत असतं की बाप मेला की मुलगा तोच मुखवटा घालतो. म्हणजे गोष्टीतल्या लोकांसाठी अद्भुत आणि आपल्यासाठी साधी वारसाहक्काची नोंद. असली सगळी पुस्तकं मी टिकली न लावता कथा-कादंबरीच्या कप्प्यात पाठवली. पिशवीतला बराच ढीग इथेच हलका झाला.

उरलेल्यांसाठी दुसरं काम. पुस्तकात "पण हे कसं काय?" याचं उत्तर देणारं पान शोधा. बहुतेकांमध्ये असतंच, पहिल्या चार-पाच पानांत, किंवा मग फ्लॅशबॅकमध्ये.

सुपरमॅनचं उदाहरण घेते कारण यातच सगळी गंमत आहे. 1938 सालच्या त्याच्या पहिल्याच गोष्टीत, जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी चक्क समजावून सांगितलंय की बाबा मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलते, नाकतोडा त्याच्या मापाने केवढ्या लांब उड्या मारतो, मग जिथले लोक शरीराने आपल्यापेक्षा लाखो वर्षं पुढे गेलेत अशा ग्रहावरून आलेल्याला का नाही जमणार. वाचायला एकदम पटतं. पण मुंगीचं गणित करून बघा. पाच मिलिमीटरची मुंगी दीड मीटरची केली म्हणजे लांबी तीनशेपट झाली, ताकद स्नायूच्या जाडीवर असते म्हणून ती तीनशे गुणिले तीनशे, म्हणजे नव्वद हजारपट, आणि वजन त्याच्याही तीनशेपट, दोन कोटी सत्तर लाखपट. ती बया दुसऱ्याचं ओझं कसलं उचलतेय, स्वतःचं अंगच उचलणार नाही. हे काही आजचं ज्ञान नाही, गॅलिलिओने 1638 मध्येच लिहून ठेवलंय, मोठ्या जनावराची हाडं इतकी जाड का लागतात ते.

हे मी तळमजल्यावरच्या नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग झालं की, विज्ञान चुकीचं म्हणजे अद्भुत. लाव लाल." नाही नाना, इथेच लोक घसरतात. विज्ञान बरोबर असणं ही अट धरली तर जुन्या विज्ञानकथांचं अर्धं कपाट रिकामं करावं लागेल. अट एवढीच, की अडलं की गोष्ट उत्तर मागायला कुणाच्या दारात जाते. सुपरमॅन मुंगीच्या दारात गेला, चुकीचं उत्तर घेऊन आला, पण गेला तिथेच. निळी. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1940 ला, शझॅम म्हणून ओरडणारा पोरगा आला, त्याला म्हाताऱ्या जादूगाराने एक शब्द दिला आणि त्या शब्दाच्या एकेका अक्षरात सॉलोमनची अक्कल, हर्क्युलिसचं बळ, झ्यूसचं सामर्थ्य वगैरे भरलेलं. म्हणजे सरळ मंत्र. दोघं दिसायला इतके सारखे की त्यावरून कोर्टकचेरी झाली, पण कपाटात दोघांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना.

एवढ्यावर काम भागत नाही पण. कारण नुसता "किरण" किंवा "केमिकल" असा शब्द टाकून मोकळे होणारे पुष्कळ आहेत, म्हणून तिसरं काम, मी त्याला फिरकी टेस्ट म्हणते.

झालं काय, उत्तरायण आठ-दहा दिवसांवर आलेलं, पोरं गच्चीवरून खाली आली पतंगाच्या मांजाच्या फिरक्या घेऊन, आणि स्पायडरमॅनवर वाद लागला. एकाचं म्हणणं तो कोळीच झालाय म्हणजे जादू, "आ तो जादू ज छे ने!" दुसरा म्हणे जाळं तर त्याने मशीनने काढलंय. मी पुस्तक उघडून दाखवलं. 1962 च्या मूळ गोष्टीत कोळी किरणोत्सर्गी होता, तो चावला, त्यातून भिंतीवर चढणं, बळ वगैरे आलं, पण जाळं अंगातून येत नाही. जाळ्याचं द्रावण त्या शाळकरी पोराने स्वतः बनवलंय, मनगटावर बांधायचं यंत्र पण स्वतःच, आणि नळकांडी मोजून भरलेली. मग ऐन मारामारीत नळकांडं संपतं! गच्चीवर पेच लागलाय आणि फिरकीवर नुसता लाकडी दांडा उरलाय, ते तोंड आठवा. पोरांना लगेच कळलं. तर टेस्ट अशी, की शक्तीचा हिशोब गोष्ट ठेवते का? संपते का, मोडते का, जास्त वापरली तर भाजते का, आणि त्यामुळे पुढच्या पानावर काही बदलतं का? बदलत असेल तर निळी. 2002 च्या सिनेमात जाळं थेट मनगटातून यायला लागलं आणि रिकाम्या फिरकीचा तो सगळा प्रकारच गेला. आणि कोळी पण बदलला बरं का, किरणोत्सर्गीऐवजी जनुकं बदललेला. म्हणजे बघा, साठच्या दशकात लोकांना अणुबाँबची भीती होती तर कोळी किरणोत्सर्गी, हल्क पण त्याच 1962 चा आणि गॅमा बाँबने झालेला, पुढे लोक जनुकांना घाबरायला लागले तर कोळ्याची जनुकं बदलली. खरा किरणोत्सर्ग अंगावर घेतला तर माणूस आजारी पडतो, पेशी बिघडतात, तो काही भिंत चढत नाही. मग किरणोत्सर्ग या शब्दाने इथे काम कुणाचं केलं? मंत्राचं केलं. म्हणून माझ्याकडे स्पायडरमॅनला जाळ्यासाठी निळी आणि चावण्यासाठी लाल, दोन्ही लावल्यात. आणि योगायोग बघा, तो ज्या अंकात पहिल्यांदा आला त्या मासिकाचं नाव अमेझिंग फँटसी.

या टेस्टमध्ये फ्लॅश, तो विजेसारखा पळणारा, सपशेल नापास होतो, मला आवडतो तरी. मांडवीपासून कमाटीबाग दोन-अडीच किलोमीटर धरा, एका सेकंदात गेला तर आवाजाच्या सहा-सातपट वेग झाला, मांडवीच्या आसपास एकाही खिडकीला काच राहणार नाही, बुटाचे तळवे जळून राख. गोष्टीत यातलं फार काही होत नाही, मधूनच कुठे आठवण झाली तर एखादं स्पष्टीकरण येतं. पण हा फ्लॅश म्हणजे बॅरी ॲलन, पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा, केमिकलच्या कपाटावर वीज पडून झालेला, आणि पुष्कळदा व्हिलनला हरवतो तो शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली एखादी युक्ती वापरून. मग ठेवला निळ्यातच. फार मनावर घेऊ नका.

चौथं काम मला सगळ्यात आवडतं. वस्तूला चारित्र्य कळतं का ते बघायचं. थॉरचा हातोडा लायक माणसालाच उचलता येतो. आता लोखंडाला, किंवा जो काही धातू असेल त्याला, समोरचा लायक आहे की नालायक हे कसं कळणार? गॅसची शेगडी सज्जनाच्या हातून पण पेटते आणि चोराच्या पण. आयर्नमॅनचं चिलखत चोरून दुसऱ्याने घातलं तर ते चालतं, आणि अशा चोरीवर त्याच्या गोष्टीच्या गोष्टी झाल्यात. म्हणजे ज्या शक्तीची रेसिपी दुसऱ्याला करता येते, चोरता येते, बिघडवता येते ती निळी, आणि जी शक्ती आधी तुमचं मन तपासते आणि मग हातात येते ती लाल, मग तिच्यावर कितीही लाइट लुकलुकू देत. आपल्याकडे हे नवीन नाहीच, शिवधनुष्य कुणाला उचललं आणि कुणाला नाही ते शेंबड्या पोराला माहीत असतं.

मरण कशात आहे यावरून पण बरंच कळतं. राक्षसाचा जीव पोपटात, तसं या लोकांचं पण असतं. पहिल्या ग्रीन लँटर्नची, 1940 सालच्या, अंगठी जादूच्या दिव्यातून आलेली आणि लाकडापुढे चालत नव्हती. लाकूड का? का नाही, पोपट का तरी? पण 1959 ला त्याच नावाचा दुसरा आला, हॅल जॉर्डन, वैमानिक, त्याला अंगठी मरणाऱ्या परग्रहवासीयाकडून मिळाली, अंतराळातल्या पोलिसदलाची, रोज चार्ज करायला लागते, आणि ती पिवळ्या रंगापुढे अडते, त्याला कारण दिलंय की शक्तीच्या मूळ बॅटरीतच पिवळी भेसळ आहे. पोपटच आहे, पण पोपटाची पावती दिलीय. तरी ही अंगठी निडर माणूसच शोधते, म्हणजे मन तपासलंच. दोन टिकल्या.

यावरून पाचवं, आणि इथे मी स्वतः दोन रविवार फुकट घालवलेत, टिकली हिरोला लावू नका, पुस्तकाला लावा. एकच हिरो साल बदललं की कप्पा बदलतो. हॉकमॅन 1940 मध्ये इजिप्तच्या राजपुत्राचा पुनर्जन्म होता, 1961 मध्ये परग्रहावरचा पोलीस झाला. हे असं एकदम का झालं, तर त्या काळात हे हिरो नव्याने काढणारा संपादक ज्युलियस श्वार्ट्झ हा मुळात विज्ञानकथांच्या दुनियेतला माणूस, कॉमिक्समध्ये यायच्या आधी विज्ञानकथा लेखकांचा एजंट होता, आणि 1957 ला स्पुटनिक वर गेल्यावर पोरासोरांच्या तोंडी अंतराळच होतं. दिव्याच्या राक्षसाला स्पेससूट घातला की झालं. उलटं पण होतं. राज कॉमिक्सचाच आपला नागराज आधी एका वैज्ञानिक व्हिलनने तयार केलेलं हत्यार म्हणून येतो आणि पुढच्या पुस्तकांत कळतं की तो राजघराण्यातला आहे आणि देवाचा आशीर्वाद आहे. दोन पुस्तकं, दोन वेगळ्या टिकल्या, शेजारी शेजारी. वंडर वुमन 1941 मध्ये मातीची मूर्ती, तिच्यात देवांनी प्राण फुंकले, ते ऐकून आमची मदतनीस म्हणाली गणपतीसारखंच की, पार्वतीने केला तसा. अगदी. पण त्याच बाईकडे अदृश्य विमान पण आहे, तेव्हा लालच्या कोपऱ्याला मी निळी अर्धी कापून लावलीय.

आता भांडणाची जागा. सिनेमातला थॉर, 2011 चा, येतो आणि सांगतो की तुम्ही ज्याला जादू म्हणता आणि ज्याला विज्ञान म्हणता ते आमच्याकडे एकच. झालं, लोकांना विज्ञानकथा लिहिणारा आर्थर क्लार्क आठवतो, त्याचा नियम आहे की तंत्रज्ञान फारच पुढे गेलं की ते जादूपेक्षा वेगळं ओळखू येत नाही. खरं आहे, पण हा नियम लोक उधारीसारखा वापरतात, आत्ता माल द्या, विज्ञान नंतर कधीतरी देतो. मी सरळ बघते, की गोष्टीत कुणीतरी ती उधारी वसूल करायला बसलंय का. वही घेऊन, मोजमाप घेऊन, चुकत-माकत? बसलं असेल तर निळीचा विचार करते. नुसतं एक वाक्य टाकून हातोडा उडाला तर लाल. परवा एकाने मला विचारलं की मग 2003 च्या हिंदी सिनेमातला तो परग्रहावरचा पाहुणा, उन्हावर चालणारा, त्याचं नावच जादू ठेवलंय, तो कुठे? बाबा, आपल्याकडे पुस्तकं आहेत, सिनेमे नाहीत, मला वाचव.

शक्तिमानवर मात्र नाना अडून बसले. दूरदर्शनवर 1997 ला सुरू झाला तेव्हा त्यांची मुलं बघायची आणि हे स्वतः पण, पेपर पुढे धरून. शक्तिमानची शक्ती योगातून, कुंडलिनीतून, पंचमहाभूतांतून. मी लाल काढली तर नाना म्हणाले, "योग म्हणजे अद्भुत? अगं रोज पहाटे कमाटीबागेत करतो मी, गुडघे त्याच्यावर चालतात माझे." अशा वेळी वाद घालायचा नाही, हे पद्धतीतच लिहून घ्या. मी म्हटलं, नाना, योग खरा आहे हो, प्रश्न योगाचा नाहीच. तुम्ही पंधरा वर्षं करताय, शेजारचे पण करतात, मग गोल फिरत उडायला तो एकटाच का लागतो? गोष्टीने त्याला निवडलंय म्हणून. निवडलेला माणूस म्हणजे लाल. नाना गप्प बसले. पटलं म्हणून की गुडघा दुखला म्हणून, माहीत नाही.

मोठ्या लायब्ऱ्या हे भांडण कसं मिटवतात माहितीये का? मिटवतच नाहीत. ड्यूईची दशांश पद्धत म्हणून आहे, पुस्तकांना विषयवार नंबर देणारी, तिच्यात कॉमिक्सना 741.5 नंबर, म्हणजे कलेच्या विभागात, चित्रकलेच्या शेजारी. गोष्ट काय आहे हे बघायलाच नको, चित्रं आहेत ना, चला तिकडे. हुशार लोक. पण आपल्या बडोद्याला हे असं चालणार नाही, आपल्याकडे 1910 मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल खास बोलावून घेतला आणि त्याने कटर नावाच्या दुसऱ्या एका ग्रंथपालाची पद्धत आणि ड्यूईची पद्धत एकत्र करून बडोद्यासाठी वेगळी वर्गवारी बसवली. मांडवीजवळच्या त्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनीवरून चालताना मला लहानपणी पोटात गोळा यायचा. तर दोन पद्धती एकत्र करायला आपल्या गावात तरी लाज वाटायची गरज नाही, आणि म्हणूनच दोन टिकल्या.

आता प्रत्यक्ष लावायचं कसं. कव्हरवर लावू नका, पोरं नखाने काढून कपाळाला लावतात, अनुभव आहे. कण्याच्या खालच्या टोकापासून दोन बोटं वर लावा म्हणजे कपाटात उभं असताना दिसते. उन्हाळ्यात गोंद सुटतो, एप्रिलपर्यंत अर्ध्या टिकल्या कप्प्यात पडलेल्या सापडतात, म्हणून वरून सेलोटेपचा एक पट्टा मारायचा. दोन टिकल्या असतील तर जास्त जोर कशाचा ती वर. ठरत नसेल तर पुस्तक पंधरा दिवस बिनटिकलीचं ठेवा आणि वाचून परत देणाऱ्या पोराला विचारा की गोष्टीत त्याला पुढे काय होईल असं वाटत होतं, "ते मशीन बंद पडेल" म्हणाला तर निळी, "देव मदत करेल" म्हणाला तर लाल, आणि "माहीत नाही पण चित्रं भारी आहेत" म्हणाला तर 741.5. कप्पा मात्र एकच ठेवा, मी विज्ञान आणि अद्भुतच्या मधे फळी टाकून पाचवा केलाय, चिठ्ठीवर नुसतं "सुपरहिरो" लिहिलंय, कारण पोरं शोधतात ते सुपरहिरो म्हणूनच, विज्ञानकथा द्या असं अजून एकाही पोराने मला म्हटलेलं नाही.

थॉर त्या नव्या कप्प्यात लाल टिकली लावून ठेवलाय, तरी दर दोन-तीन रविवारांनी तो मला वर गुरुचरित्राशेजारी सापडतो. कोण ठेवतं ते स्टुलाच्या जागेवरून कळतं. पाकिटांचं म्हणाल तर लाल संपलं, निळं अजून अर्धं पडलंय, या मंगळवारी परत बाजारात जायचंय.